खिशातल्या वह्या

बियाणं विकणारी कंपनी दर नाताळात फुकट वाटायची
तळहाताएवढी वही, हिरव्या पुठ्ठ्याची,
बाबांच्या शर्टाच्या डाव्या खिशात नेमकी बसणारी.
चव्वेचाळीस निघाल्या,
कॉफीच्या तीन पत्र्याच्या डब्यांतून,
रबर बँड तुटून पुठ्ठ्यांना चिकटलेले.
लिलाववाला म्हणाला, ह्यांना काही भाव नाही.
मी म्हटलं, बरं.

आर्विड स्कोगस्टाड. उत्तर डकोटा,
शायेन नदीपासून पूर्वेला अकरा मैल.
डुरम गहू, सूर्यफूल, थोडं जवस.
दफनानंतर चर्चच्या तळघरात
लोक कागदी कपांतून कॉफी पीत म्हणाले, चांगला माणूस,
आणि लगेच खिडकीकडे बघू लागले,
आभाळ कुठून भरतंय ते.
मला राग नाही आला.
माझ्या लग्नात, पाद्री वचनं म्हणवून घेत असताना,
बाबाही रंगीत काचेतून ढगच शोधत होते.

पेन्सिलीनं, एका दिवसाला एक ओळ:
"पाऊस अर्धा इंच. लाइल चालला, शेगडीपासून दारापर्यंत."
"गारा. पश्चिमेचा तुकडा गेला. वर्नाचा वाढदिवस. केक बरा."
"उणे एकतीस. ट्रॅक्टर सुरू होईना. सोल्वेला कांजिण्या."
"गहू तीन डॉलर दहा. कार्स्टनला फार बोललो. चूक माझी."

ते शेवटचे दोन शब्द कार्स्टनला पोचले
वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी.
वही घेऊन तो शेडमध्ये गेला,
आणि बराच वेळ ग्राइंडरचा आवाज येत राहिला.
धार लावण्यासारखं तिथं काही नव्हतं,
सगळं आदल्या दिवशीच विकलं गेलं होतं.

आईचं डोकं गेल्यावर
ती त्यांना गडी समजायची.
मालक कुठं आहेत, विचारायची.
ते म्हणायचे, शेतावर. जेवायला येतील.
मग टोपी घालून मागच्या दारानं बाहेर,
पंपावर हात धुऊन, टोपी काढून,
पुढच्या दारानं आत.
त्या वर्षांच्या वहीत पावसाचे आकडे कमी आहेत.
"आज दोनदा आलो. दुसऱ्यांदा ओळखलं."
"तीनदा आलो."
"वारा. पाचदा."

मी माझीही तारीख शोधली, लपवत नाही.
सप्टेंबर, मी मिनियापोलिसची बस धरली तो मंगळवार.
पुसट पेन्सिल:
"दक्षिणेचा वारा. काही केलं नाही."
गहू आत आला होता, सूर्यफुलं माना टाकून उभी,
आणि रविवारी चर्चहून येताच
कशाला तरी ग्रीस लावल्याशिवाय न जेवणारा हा माणूस.
काही केलं नाही.
मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं,
मग लाइलला काही विचारायला म्हणून हाक मारली
आणि काय विचारायचं ते विसरले.

आता जमीन हेगेनांच्या नातवानं खंडानं घेतलीय.
एप्रिलमध्ये त्याचा फोन आला:
उत्तरेच्या तुकड्यात एक धोंडा आहे म्हणतात,
आजोबा सांगायचे, नांगराचे फाळ मोडतो,
तुम्हाला माहीत आहे का, नेमका कुठं?
मी डबा उघडला. स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून
दोन तास लागले.
"मोठा धोंडा. जुन्या पवनचक्कीच्या रेषेत, कुंपणापासून साठ पावलं.
निघत नाही. वळसा घालावा."
मी वाचून दाखवलं.
तो म्हणाला, साठ, लिहून घेतो.
थांब, मी म्हटलं,
माझे वडील उंच होते.
तू सत्तर धर.