लोण, इयत्ता सातवी

फळ्यावर लिहिलं, ‘वयात येण्याची गोष्ट’,
आणि मागची तीन बाकं तोंडावर वही धरून फुटली.
डस्टर फिरवलं, ‘मोठं होण्याची गोष्ट’ लिहिलं.
तरी खाली ‘वयात’ पुसट दिसत राहिलं
तासभर.

कादंबरी पुरसोची.
साल एकोणीसशे तीस, गाव आमचंच, शिरोडं.
वय बारा, बाप मिठागरात,
टाचांना चिरा, चिरांत मीठ,
आणि वेड आट्यापाट्यांचं.

‘बाई, ता काय असता?’
क्रिकेटचे नियम झोपेत सांगतील
अशा अठ्ठावीस जणांना मी सांगते:
आडव्या पाट्या, पाटीवर एकेक जण हात पसरून,
मधल्या उभ्या पाटीवर धावतो तो सूर.
हूल देत, अंग चोरत, कोंडी फोडत
पलीकडे जायचं,
आणि पलीकडून लोण घेऊन परत यायचं.

‘लोण म्हणजे लोणी?’ आग्नेल फर्नांडिस.
वर्ग हसतो. मी शब्दकोशाकडे वळते.
तेवढ्यात खिडकीजवळची दर्शना मिठगावडे,
जूनपासून हजेरीपलीकडे एक शब्द न बोललेली,
वहीत बघतच म्हणते,
‘मीठ ता. लोण म्हंजे मीठच मां, बाई?
आमचो आजो सांगायचो.
पाट्यो म्हंजे आगराच्यो मेरो.’

वीस वर्षं मी म्हणत आले,
अमक्याचं लोण तमक्या गावी पोचलं,
निबंधात, गॅदरिंगच्या भाषणात,
आणि एकदाही जिभेला खारट लागलं नाही.

पुस्तक मिटलं.
क्रीडाशिक्षक केळुसकरांकडे फक्की मागितली,
त्यांनी अर्धीच पिशवी दिली,
सोमवारी लंगडीला लागते म्हणाले.
पाट्या वाकड्या आल्या. एक तर आंब्याच्या मुळावरून गेली.
दर्शनाला सूर केलं.
ती धावली तशी मी तिला चालतानाही पाहिली नव्हती.
आग्नेल चारदा मेला, पाचव्यांदा पलीकडे पोचला
आणि तिथेच उभा राहिला हात वर करून.
‘अरे परत ये!’ सगळे ओरडले.
त्याला वाटलं होतं, संपलं.

अकरावं प्रकरण मी मोठ्याने वाचते.
पुरसो पलीकडे पोचलाय, मुठीत खरंच मीठ,
आदल्या रात्री आगरातून उचललेलं,
कारण खोट्या लोणाचा खेळ त्याला खेळायचा नाही.
मेरेवर शिपाई. मूठ उघड, म्हणतो.
पाट्यांवरची पोरं हात पसरायची विसरतात.
आणि पान संपतं.
बाराव्या प्रकरणात पुरसोचा आवाज फुटलाय,
तो मुंबईत गोदीवर आहे, आईला पत्र लिहितोय.
मधलं लेखकाने लिहिलेलंच नाही.

‘बाई, ही चीटिंग.’
‘पानं फाटली असतील.’
‘मूठ उघडली का नाही तेवढं सांगा.’
मला माहीत नाही, मी म्हणते,
आणि हे वाक्य शाळेत म्हणायला
किती जड जातं ते त्यांना कळू देत नाही.

चाचणीत प्रश्न होता वरून आलेला:
पुरसोचे कोणतेही चार गुण लिहा. (गुण ४)
उत्तरपत्रिकेत छापलेलं: शूर, चपळ, देशभक्त, आज्ञाधारक.
आज्ञाधारक!
अकरावं प्रकरण कुणी वाचलं होतं की नाही?
सव्वीस जणांनी तेच चार लिहिले, क्लासात सांगितलेले.
आग्नेलने लिहिलं: त्याला भीती वाटत होती हा एक गुण.
दर्शनाने एकच ओळ:
तो परत येणार होता.

मी तिला चार दिले. आग्नेलला तीन,
मग रात्री खाडाखोड करून साडेतीन.
मुख्याध्यापकांनी विचारलं तर काय सांगायचं
ते अजून ठरलेलं नाही.

शुक्रवारी टेबलावर कागदाची पुडी.
‘ह्या आमच्या आगरातला,’ ती म्हणाली,
‘औंदा थोडाच काढलेला.’
आणि जागेवर जाऊन बसली, पुन्हा गप्प.
मधल्या सुट्टीत डब्यातल्या काकडीवर घातलं.
जाडं होतं. करडं.
दाताखाली जराशी रेती आली.