एकशे बारा पायऱ्या

गुदैबियातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट
ऑगस्टच्या तीन तारखेला बंद पडली.
नातूर अब्दुल कुद्दूसने दारावर पुठ्ठा लावला : बुक्रा.
बुक्रा म्हणजे उद्या.
तो उद्या सत्तेचाळीस दिवस तिथेच लटकत होता.

मी सहाव्या मजल्यावर.
वय एकोणपन्नास. कस्टम क्लिअरिंगच्या कचेरीत
बावीस वर्षं एकाच खुर्चीत, म्हणजे तीन खुर्च्या मोडल्या,
मी तोच.
रक्ताच्या रिपोर्टात तीन आकडे ठळक छापलेले.
चौथा कुठल्या लॅबला सापडत नाही :
रात्री अडीचला डोळे टक्क उघडे,
एसीची घरघर,
आणि छातीवर कुणी गोणी ठेवून विसरून गेल्यासारखं.
घरी फोनवर सांगायचो, मजेत आहे.
मजेत आहे हे मी इतक्या वेळा सांगितलंय
की ते आता माझ्या नावाचाच भाग वाटतं.

पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच बसलो.
हातात पाच किलो तांदूळ, गुडघ्यांत करकर,
जिन्यात खिडकी नाही,
समुद्राची सगळी वाफ तिथेच साठलेली.
मिरजेच्या शाळेत मी खो-खोत सूर मारायचो
हे तेव्हा कुणाला सांगितलं असतं
तर तांदूळसुद्धा हसले असते.

मग मोजू लागलो. दारातल्या चार,
पुढे मजल्याला अठरा. एकूण एकशे बारा.
पहिल्यावर सुकं मासळीचं कालवण,
दुसऱ्यावर मारिविक, नर्स, रात्रपाळीहून परतलेली,
चपला हातात घेऊन चढणारी.
तिसऱ्यावर कुणाचं तरी तान्हं, रोज त्याच वेळेला रडणारं.
नऊ वर्षं मी ह्या लोकांच्या मधून
आरशात स्वतःचं पोट बघत वर गेलो होतो.

चौथ्याच्या वरच्या वळणावर हमदी बसलेला असायचा.
इजिप्तचा, मन्सूराचा. शिंपी.
बायको मार्चमध्ये गेली, त्याला रजा मिळाली जूनमध्ये,
तेव्हा तो गेलाच नाही.
खोलीत भिंती बोलतात, म्हणाला,
इथे निदान माणसं धापा टाकतात.
अर्धं अरबी, अर्धं हिंदी, उरलेलं हातांनी.
मी म्हटलं, बसून काय, चल वरपर्यंत.
शुवय्या शुवय्या, तो म्हणाला. हळूहळू.

गच्चीपर्यंत जाऊन खाली यायचं, पुन्हा वर.
बोलायला दम पुरायचा नाही
म्हणून आम्ही काही दिवस नुसते श्वासच ऐकवले एकमेकांना.
आणि एका रात्री, तिसऱ्या फेरीला,
हमदी मध्येच थांबून रडला,
गुडघ्यांवर हात ठेवून, पळून आलेला मुलगा रडतो तसा.
मी काही बोललो नाही. मलाही धाप लागली होती,
आणि धापेत खोटं बोलता येत नाही.

त्या रात्री मी साडेपाचपर्यंत झोपलो.
बरा झालो असं नाही.
तीनपैकी दोन आकडे उतरले, एक अजून ठाम आहे,
अडीच वाजता अजूनही कधी कधी गोणी येते.
पण आता तिला घेऊन कुठे जायचं ते मला माहीत आहे.
हमदीने माझ्या पँटी कमरेत दोन इंच आत घेतल्या,
पैसे घेतले नाहीत,
म्हणाला, वाढलास तर दुप्पट घेईन.

लिफ्ट सुरू झाली. नवा दिवा, नवी बटणं, तोच आरसा.
कुद्दूस पुठ्ठा काढून न्यायला लागला
तर मी तो मागून घेतला, का कोण जाणे.
एकदा बसून बघितलं. सोळा सेकंदांत सहावा मजला.
दार उघडलं तेव्हा वाटलं, अरे, मी कुणालाच भेटलो नाही.

काल पाचव्यावर नवं बिऱ्हाड आलं,
माणूस गादी खांद्यावर घेऊन जिन्यानेच चढत होता,
गादी लिफ्टमध्ये मावेना.
दुसरं टोक मी धरलं.
चौथ्यानंतरची अकरावी पायरी
इतरांपेक्षा बोटभर उंच आहे,
मी त्याला म्हटलं, तिथे जरा सांभाळून.