तिसरी ओळ

दसाराम कापगते भिलाईहून परतला तेव्हा
त्याच्याकडे होता सोळा एमएमचा प्रोजेक्टर,
सहा रिळांचा एक रशियन विनोदी सिनेमा
आणि कारखान्यातल्या इंजिनियरबाईनं सांगितलेल्या
त्या सिनेमाच्या आतल्या गोष्टी.
मी रिळं गुंडाळायचो. खेळाला दोन रुपये आणि जेवण.

भाषा कुणालाच कळायची नाही. म्हणून तो भोंग्यावरून
गोष्ट नाही, गोष्टीमागचं सांगत बसायचा:
हा हिरो दिसतो ना, हा ठरलाच नव्हता.
ठरलेला दुसरा, देखणा. ऐन वेळी त्याची दाढ सुजली,
मग लॉरीतून दिवे उतरवणाऱ्या ह्याला उभं केलं.
कोट त्या पहिल्याच्या मापाचा,
बाह्या बोटांवर येतात, बघा, आता येतील.
आणि यायच्या.
लोक आधीच हसून घ्यायचे.

कुत्रा एक नाही, तीन.
तिसऱ्याच्या कानाला बुटाचं पॉलिश.
दारू म्हणजे बिनसाखरेचा कोरा चहा,
तोंड वाकडं होतं ते मात्र खरं.

राळेगावात जिनिंगमागच्या पटांगणात पडदा बांधला.
चौथ्या रिळात बर्फ.
त्या साली तिकडे बर्फच पडला नाही, दसाराम सांगू लागला,
शूटिंग खोळंबलं, वरून साहेबांच्या तारा...
तेवढ्यात बायांमधून गिरजा आत्राम उठली,
पंधरा हंगाम रेच्यावर काढलेली.
"बरफ कायचा बाप्पा, रुई हाये ते.
पाहा ना, बुटाले चिकटून राह्यली.
अन् थो थंडीनं नाही कापत.
त्याच्या मानंत तूस गेलं, खाजवून राह्यला."

भोंगा गप्प.
हिरो कॉलरमध्ये बोट घालत होता.
शंभरदा गुंडाळलं असेल मी ते रीळ.

पुढच्या गावी, झाडगावला, दसारामनं तेच सांगितलं,
"इंजिनियरबाई म्हणायच्या" असं लावून.
मला राग आला. बोललो नाही, जेवण त्याच्याकडे होतं.
पुष्कळ वर्षांनी वाटलं,
दाढ, कुत्रा, चहा,
हेही कुठल्या कुठल्या गावातून उचललेलं असेल.

पण राळेगावचं सांगायचं राहिलं.
शेवटी नावं येतात, उलटीपालटी अक्षरं.
लोक सतरंज्या झटकून निघालेले.
गिरजा पडद्याजवळ आली.
"यात रुई पसरणारीचं नाव कोणतं?"
कधी न अडणारा दसाराम जरा अडला.
मग म्हणाला, खालून तिसरी ओळ.

तिनं मला रीळ मागं घ्यायला लावलं,
आणि उजेडात तरंगणारं तूस
हातानं बाजूला सारत उभी राहिली.
ओळ आली. वर सरकली.
तिच्यासोबत गिरजाची मानही.