अकरा बाण

कोकील नदीकाठी, ऑरेगनमध्ये,
हॅल्डिस ओडेगार्डनं गॅरेज विकायला काढलं
तेव्हा गोल्फच्या बॅगेत, मोडक्या छत्रीशेजारी
हे उभे होते. मोजले, अकरा.
बारावा कुठाय, मी विचारलं.
"मी अकराच विकतेय," बाई म्हणाली
आणि वीस डॉलर घडी करून खिशात टाकले.

टर्कीची पिसं कसरीनं खाल्लेली,
खाचा झिजलेल्या, टोकांवर गंज.
दांडे मात्र इथल्याच सीडरचे,
ज्याच्या भुशात मी एकतीस वर्षं
शिफ्टमागून शिफ्ट खोकत काढली.

टेबलाच्या काचेवर एकेक घरंगळत सोडते.
सरळ असतो तो मुकाट जातो,
वाकडा टकटक करत तक्रार सांगतो.
मग किटलीच्या वाफेवर धरायचा,
तळहातानं दाबायचा, थांबायचं.
घाई केली की सकाळी पुन्हा पहिल्यासारखा.
गिरणीतला रूबेन म्हणायचा,
लाकडाच्या वाकड्यात शिरू नये,
सरळ व्हायचं त्याच्याच मनात होतं
असं त्याला वाटू द्यावं.

वाफ लागली की वास सुटतो,
आल्यासारखा, तिखट, साठ वर्षं झाकलेला.

खाचेखाली दोन हिरवी कडी,
मध्ये केसाएवढी पिवळी.
कुणीतरी श्वास रोखून फिरवलेली.
सातव्या बाणावर
ओल्या वार्निशात एक ठसा.
बोट लहान. माझ्या करंगळीहून लहान.

तोच कानाशी धरून वाकवला
तर आत बारीक कुरकुर.
चीर गेलेला बाण मोडायचा असतो,
दोरीवर चढला तर फुटून
मारणाऱ्याचाच हात फाडतो.
मी गुडघ्यावर आडवा धरला.
दोनदा धरला.

बाईला फोनवर विचारलं, घरात मूल होतं का?
"शेजाऱ्यांची होती," ती म्हणाली.
बराच वेळ तिच्याकडचा फ्रीज ऐकू येत राहिला.

टोक काढलं, खाच कापून टाकली.
आता त्याच्यावर घेवडा चढतोय,
कुंडीत, ठसा मातीच्या वर राहील असा.

उरलेल्या दहांना नवी पिसं, नवा सरस.
रविवारी गवताच्या गठ्ठ्यावर मारून पाहिले.
नऊ नीट गेले.
एक सारखा डावीकडे वळतो.
त्याची चूक नसावी.
डावा खांदा माझाच
गिरणीनं घेतलाय.