कीर्द

एकतीस मार्चला, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी
पडद्यावर पाटी आली: मुदत संपली.
आत अकरा वर्षांचे व्हॉल्व्ह,
अकरा वर्षांची येणी,
हालोलच्या पार्टीकडे अडकलेले चौदा लाख,
आणि मी बाहेर, हातात चहाचा कप.
नूतनीकरणाचा आकडा निरंजनभाईंनी दोनदा वाचला,
चष्मा काढला.
"मोहितेबेन, चोपडो आपणो, ने ताळुं एमनुं?"

वही आपली आणि टाळं त्यांचं.
मला उत्तर सुचलं नाही.
मकरपुऱ्याच्या शेडमध्ये एकेक लेथ बंद होत होतं.
शेवटचं एकदाच पैसे भरून
आम्ही आमचीच वही सोडवून आणली,
गहाणातल्या पाटल्या सोडवाव्यात तशी.

धैवत आला मे महिन्यात,
फतेगंजहून, भर दुपारी, सायकलवर,
खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर.
"फुकट असतं म्हणे," मी जरा तुसड्यासारखंच म्हटलं,
"देवळाबाहेरची चप्पलही फुकटच असते."
"फुकट नाही, बेन. उघडं."
आणि त्यानं पडद्याची आतली बाजू दाखवली,
झंपराच्या उलट्या बाजूसारखी:
सगळे टाके, सगळ्या गाठी.
मला एक ओळ वाचता येईना.
तरी बरं वाटलं.
ज्याला येते त्याला कुणी अडवत नव्हतं.

फुकट नव्हतंच ते.
त्याची फी गेली, आमचे दोन रविवार गेले,
आरंभीच्या शिलकेत एक शून्य जास्त पडलं
आणि तीन दिवस आम्ही कागदावर श्रीमंत होतो.
निरंजनभाईंनी तेवढ्यात पेढे मागवले, थट्टेनं.

पण हे सांगायलाच हवं:
नापास होऊन परत आलेला व्हॉल्व्ह,
सीट घासून, दाब तपासून, पुन्हा धाडलेला,
जुन्याला कधी कळलाच नाही.
त्याच्या लेखी माल एक तर विकला जाई
नाहीतर भंगारात जाई.
मधल्या येरझाऱ्या मी अकरा वर्षं
कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिल्या.
कंपनीला तीनदा पत्र. तीनदा आभार.
धैवतनं डबा खाता खाता विचारलं,
"रकान्याला नाव काय देऊ?"
"आलं-गेलं."
चार वाजता रकाना होता.

मग एकदा त्यानं, मला न विचारता,
पडद्याची भाषा मराठी करून ठेवली.
मी हसले ते पदरानं डोळे पुसेपर्यंत.
रोजच्या नोंदीला कुणीतरी शब्द दिला होता
"नियतकालिक".
अरे, हा काय दिवाळी अंक आहे?
इथे ज्या दिवशीचं त्या दिवशी उतरतं,
जमा आणि नावे समोरासमोर बसतात,
नंतर खतावणीत आपापल्या घरी जातात.
ही कीर्द.
"मग बदला," धैवत म्हणाला,
आमटीत मीठ कमी असावं तसं.
"मी?"
"इथे लिहा."
दोन अक्षरं लिहिली.
चौतीस वर्षं बेरजा करणारं बोट
उगाचच थरथरलं.

सोळा दिवस काही नाही.
सतराव्या दिवशी कुणीतरी,
ज्याच्या नावाची लिपीसुद्धा मला ओळखता आली नाही,
कळवलं: घेतला.

आता कुठल्याशा गावात, कुठल्याशा पेढीत
एखादी मुलगी नोकरीच्या पहिल्या दिवशी
पडदा उघडत असेल, आणि समोर कीर्द.
तिला वाटेल, हा शब्द इथे पहिल्यापासूनच आहे.
तसंच वाटू दे.

हालोलच्या पार्टीनं अजून पैसे दिलेले नाहीत.
बाकी आता दिसते ठळक, लाल अक्षरांत,
केव्हाही उघडा.
वसुलीला मात्र मलाच जावं लागतं,
बुधवारी, साडेनऊच्या बसनं.