परिच्छेद चौदा

निकाल नागपूरहून फोनवर आला.
वकीलसाहेब इंग्रजीत वाचत, थांबत, मराठीत सांगत
आणि मी सावरटोल्याच्या फाट्यावर
एक कान बोटाने दाबून उभा.
"परिच्छेद चौदा," ते म्हणाले,
"हा तुमच्याबद्दल आहे."

साक्षीदार क्रमांक तीन, डोमाजी बिसेन,
गेट कारकून, लिल्हारे कवेलू कारखाना.
नोंद : रात्री ११.४०. नऊ वाघिणी सायडिंगला लागल्या.
रेल्वे म्हणे, सहालाच लागल्या होत्या,
भरायला उशीर तुमचा, भरा डॅमरेज.
फरक साडेपाच तासांचा.
त्यावर एकोणीस वर्षं.

न्यायालय म्हणते,
आधीच्या नोंदी निळ्या शाईत, नंतरच्या निळ्या,
ही एकच हिरवी.
सबब मागाहून घुसडलेली.
सबब ग्राह्य नाही.

पौषातली रात्र होती. माझं पेन गोठलं.
तळव्यांत घासलं, तोंडाची वाफ दिली,
कागदावर नुसते ओरखडे.
कंदील घेऊन सोनकुसरे मास्तर डबे मोजत आले,
खिशातलं पेन काढून म्हणाले,
"लिव ना गा लवकर, झोप येऊन रायली."

तेच मास्तर पुढे पिंजऱ्यात उभे राहून
"आठवत नाही" म्हणाले.
म्हणताना हात खिशाकडे गेला. मी पाहिला.
मला विचारलं होतं एवढंच : अक्षर तुमचंच?
हो किंवा नाही.
हो.

त्या रात्री घरी जाऊन सांगितलं,
नऊ वाघिणी आल्या,
तर माझी चार वर्षांची झेलन
आईच्या लुगड्यात शिरली,
पहाटेपर्यंत दाराची कडी काढू देईना.
बारा वाजून गेलेले तिला ठाऊक.
तिला कोणी समन्स काढलं नाही.

संध्याकाळी मालक भट्टीपाशी बसलेले.
नव्या घाण्यातलं एकेक कवेलू उचलायचं,
बोटाच्या पेराने वाजवायचं,
खणखणलं तर उजवीकडे,
बद्द आलं तर डावीकडे.
मान वर न करता म्हणाले,
"डोमा, ते हिरवं पेन कोणाचं होतं गा?"
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"रेल्वेचं," मी म्हणालो.

हातातलं कवेलू तसंच राहिलं.
त्यांनी डोळे मिटून कान दिला,
जणू आत्ता
मी वाजलो होतो.