धडा

मंगळवारी संध्याकाळी पायसान्दूच्या वाचनालयात
आम्ही पाच जण, आणि सहावी एदेल्मिरा,
जिनं चाळीस वर्षं वर्तमानपत्रात इतरांच्या चुका वेचल्या
आणि आता आम्हाला लिहायला शिकवते.
खिडकीत नदी. नदीपलीकडे दुसरा देश.
टेबलावर कडू यर्बा-चहाचा एकच भोपळा
हातोहात फिरणारा.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, काय काम करायचात?
म्हटलं, मांसाच्या कारखान्यात काट्यावर कारकून.
एकतीस वर्षं.
आधी भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी,
मोठ्यातून लहान वजा. उरेल तेवढंच मांस.
ती म्हणाली, मग मी तुम्हाला काय शिकवणार, वाल्देमार?
सगळे हसले. मीही हसलो.
कळलं काहीच नव्हतं.

पुढच्या मंगळवारी मी भावावर लिहून नेलं.
नदीनं एल्बिओला परत दिलं, त्या रात्रीवर दोन पानं:
काळीज विदीर्ण, आसवांचा पूर,
आणि चंद्र. तो तर मी दोनदा घातला होता.
एदेल्मिरानं पेन्सिल उचललीच नाही.
विचारलं, त्याच्या पायात काय होतं?

बूट.
कसले?
कामावरचे, रबरी. नाही,
थांबा, चामड्याचे.
डाव्याची नाडी तुटली होती म्हणून
तिच्या जागी टेलिफोनची तार ओवलेली, पिवळी.
तीन दिवस पाण्यात होता तो.
गाठ सुटली नव्हती.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.
मला स्वतःलाही नाही.
भोपळा माझ्यापाशी येऊन थांबलेला,
चहा निवत गेला,
कुणी मागितला नाही.

तिचे नियम फार नाहीत, पण कडक आहेत.
म्हणते, 'खूप' हा शब्द म्हणजे
काट्यावर हळूच ठेवलेला अंगठा,
गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण घरी गेल्यावर कळतं.
हे मला पटलं. असे अंगठे मी पकडले आहेत.
मग निबियानं वाचलं. हॉटेलातल्या चादरी धुते ती,
तिची लेक स्पेनला गेली, त्याबद्दल:
"विमान दिसेनासं झालं
आणि मला खूप, खूप, खूप भूक लागली."
एदेल्मिरा बराच वेळ नदीकडे बघत राहिली.
मग म्हणाली, हे अंगठे राहू देत. तिन्ही.

योनातान एकोणीस वर्षांचा, त्याला सगळ्याची घाई.
शेवट कसा करायचा? त्यानं विचारलं.
ती म्हणाली, काय माहीत.
आमच्याकडे जाहिरात आली की बातमीचा शेवट व्हायचा.

कारखान्यात चरबीच्या डब्यांसाठी एक छोटा तराजू होता.
डबा ठेवण्याआधी पलीकडच्या पारड्यात
रिकाम्या डब्याच्या भाराइतकं काहीतरी टाकायचं:
खिळे, खडे, साखळीचा तुकडा, हाताला येईल ते.
धडा करणं म्हणतात त्याला.
त्याशिवाय मोजलंत तर पत्र्याचेही पैसे लागतात.
माझी दोन पानं म्हणजे पत्राच होता सगळा,
वाजायचा मात्र झकास.

आता रात्री स्वयंपाकघरात बसतो.
एका ओळीत तार.
दुसरीत गाठ, दुहेरी, आईनं शिकवलेली.
तिसरीत मी, गुडघे टेकून,
ती सोडवता येत नाही म्हणून
एका परक्या माणसाकडे चाकू मागणारा.

इथवर ठीक आहे.
पण त्या रात्री चंद्र खरंच होता, एदेल्मिरा.
मोठा, काठावरच्या चिखलात उतरलेला,
त्याच्याच उजेडात तर मला तार पिवळी दिसली.
तोलू की वजा करू?

तीन ओळी झाल्या आहेत.
चंद्र अजून फाटकाबाहेर उभा आहे,
इंजिन चालू ठेवून,
माझ्या हाताच्या खुणेची वाट बघत.